माझ्यावरचा लाल ठिपका

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो, पण कमरेचा नव्हे. मी गळ्याभोवती बसतो. माझ्या आतल्या बाजूला सोळा चकत्या आहेत आणि त्यांतून अगदी मंद वीज वाहते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत गाठ असली की त्या विजेची वाट बदलते आणि तेवढ्यावरून पडद्यावर चित्र उमटते. यात सुई नाही की कापाकापी नाही.

मला ज्यांनी घडवले, त्यांनी माझी वायर निघते त्या टोकाला लाल ठिपका रंगवला होता. तो नेहमी माणसाच्या डाव्या कानाखाली यायला हवा. तपासणी करणारे दादा मला रोज स्पिरिटने पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा कधी चुकत नाही." मी फुशारून जात असे. पुसून पुसून ठिपका कधी नाहीसा झाला, ते आम्हा दोघांनाही कळले नाही.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. महिन्यापूर्वीच्या चित्रात त्यांची गाठ डावीकडे दिसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथीचा तो अर्धा भाग काढायचा होता. त्याआधी शेवटचे चित्र हवे होते. दादा घाईत होते. त्यांनी मला उलटे बांधले. मला लगेच कळले, पण मला कुठे तोंड आहे? वीज वाहू लागली आणि पडद्यावर गाठ उजवीकडे दिसली.

दादा थबकले. मग त्यांनी मागचा कागद काढला. आधी लिहिताना चूक झाली असणार, असे पुटपुटत त्यांनी 'डावी' या शब्दावर काट मारली. मला घाम फुटला असता तर मी भिजून गेलो असतो. उद्या ताईंची चांगली बाजू कापली जाणार होती आणि गाठ आतच राहणार होती.

ताई मात्र समोरच्या भिंतीवरच्या आरशात बघत होत्या.

"दादा, मागच्या वेळी वायर माझ्या डाव्या खांद्यावर होती," त्या म्हणाल्या. "आज उजव्या खांद्यावर आहे. कॉलर उलटी लागली की मला लगेच दिसतं."

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी मला सोडले, सरळ केले, पुन्हा बांधले. गाठ डावीकडे आली. त्यांनी कागदावर पुन्हा 'डावी' लिहिले आणि डॉक्टरांना फोन लावला. आपली चूक त्यांनी लपवली नाही.

तोवर ताईंनी पिशवीतून सुई आणि लाल दोरा काढला होता. माझ्या वायरीजवळच्या कापडी टोकावर त्यांनी चार घट्ट टाके घातले. दुसऱ्या दिवशी त्यांची गाठ निघाली आणि ती डाव्या बाजूचीच होती.

मित्रांनो, मी आता खूप झिजलो आहे, पण ते टाके अजून जागेवर आहेत. मला कौतुक नको. फक्त गळ्यात घालण्याआधी तो लाल दोरा एकदा बघत जा. कारण मी उलटा बांधला गेलो, तर मला ओरडता येत नाही.