हवा शिरली की पाणी तुटते

मित्रांनो, मी एक जुनी रबरी नळी आहे. वीस हात लांब, मनगटाएवढी जाड, आणि आकार टिकावा म्हणून अंगात तारेचे वेटोळे. माझा जन्म शेताला पाणी देण्यासाठी झाला. पण एका गवंड्याने मला विकत घेतले आणि ओढ्यातले सोने शोधायला जुंपले.

मोटर नाही, इंजिन नाही. तो मला वरच्या डोहात बुडवून काठोकाठ भरायचा. एक तोंड पाण्यातच ठेवून दुसरे तळव्याने दाबून खाली उतारावर न्यायचा. हात काढला की पाणी आपल्याच वजनाने धावायचे आणि खडकाच्या फटींतली वाळू ओढून न्यायचे. खालच्या लाकडी पन्हळीत खरखरीत चटई असे. वाळू वाहून जायची, सोन्याचे जड कण मागे राहायचे. दिवसाकाठी नखावर मावतील एवढेच! तरी गवंडी म्हणायचा, "ही नळी म्हणजे माझा उजवा हात!"

पण कौतुक तोंडापुरतेच. काम संपले की मी उन्हात तशीच पडून राहायची. शेवटी माझ्या पाठीला चीर गेली, आतली तार उघडी पडली.

त्याची बायको शिवणकाम करायची. तिची नजर लगेच तिथे गेली. "अहो, नळी उसवलीय. एक ठिगळ लावा."

"बघू गं उद्या. चालतंय ना अजून?"

तो उद्या काही उगवला नाही.

एका रविवारी ती डबा घेऊन आली, तेव्हा गवंडी सोन्यासाठी काठावर खणलेल्या खड्ड्यात अडकला होता. दरड घसरून त्याचा पाय दगडाखाली सापडला होता, आणि झिरपणारे पाणी छातीपर्यंत चढले होते. तिच्या हाका ऐकून वाटेवरचा टपालवाला जवळच्या खाणीतून माणसे आणायला धावला.

तिने मला भरले. एक टोक खड्ड्यात, दुसरे खाली ओढ्याच्या उतारावर. पाणी निघाले... आणि गुळगुळ करून थांबले. चिरेतून हवा शिरली की आमचे पाणी तुटते.

तिने मला पुन्हा भरले आणि ती चीर दोन्ही मुठींत आवळून धरली.

"अगं, तार रुतेल! सोड!"

"गप्प बसा. मान वर ठेवा."

तार रुतली. माझ्या अंगावरून रक्त ओघळत होते, पण तिची मूठ सैल झाली नाही. खाणकामगार पहारी घेऊन आले, तोवर तास उलटून गेला होता. पाणी छातीवरून कमरेपर्यंत उतरले होते.

गवंडी वाचला. तिची दोन बोटे मात्र आता वाकत नाहीत. शिवणयंत्र कापडाने झाकलेले असते.

मी त्यांच्या खिडकीबाहेर खुंटीवर आहे. रोज सकाळी गवंडी तिच्यामागे बसतो आणि सिमेंटने राठ झालेल्या बोटांनी तिची वेणी घालतो.

"ओढतंय का गं?"

"नाही. पण सैल नको हं."

मित्रांनो, वस्तूला चीर पडलेली दिसली, तर ती त्याच दिवशी सांधा. आम्हा वस्तूंना काही दुखत नाही. पण राहून गेलेली चीर एक दिवस कुणाला तरी हातांनी दाबून धरावी लागते.