टेबलाखालची पेटी

मी तोंडाने फटकळ आहे, पण स्वतः चुकलो की मूग गिळून बसतो. या दोन्ही खोडी एकाच माणसात असल्या की काय होतं, ते इंडोनेशियात, जावातल्या क्लातेन गावच्या आमच्या शाळेत परीक्षेच्या सकाळी दिसलं.

संगणक कक्षाचा प्रमुख मी, पण कक्ष उभा केला तो पाक तुगिनोंनी (आमच्याकडे पुरुषांना मानाने पाक म्हणतात, बायकांना बू). ते हंगामी तंत्रज्ञ, दरवर्षी नव्याने नेमले जाणारे. त्यांनी भंगारातून तीस संगणक आणले, त्यांच्या नादुरुस्त हार्ड डिस्क काढून टाकल्या आणि सगळे एका सर्व्हरला जोडले. बटण दाबलं की संगणक तारेवरून हाक मारतो, मी कोण, कुठून सुरू होऊ? सर्व्हर ओ देतो आणि संगणक चालवणारी प्रणाली, लिनक्स, तारेवरूनच येते. मेख एकच. जो आधी ओ देईल त्याचंच संगणक ऐकतो. हे पाक तुगिनोंनी मला तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी नुसती मान हलवली होती.

त्या सकाळी तीसपैकी बावीस पडदे काळेच राहिले. मुलं बाहेर रांगेत, मुख्याध्यापिका बू एंदांग दारात. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. भंगारातून दुसरं काय निघणार, असल्या जुगाडावर परीक्षा घेतात का, वाट्टेल ते बोललो. पाक तुगिनो "हो, बरोबर आहे" म्हणत, तारा तपासत माझ्या टेबलापाशी आले आणि खाली वाकले. तिथे वायफायची छोटी पेटी होती. आदल्या दिवशी माझ्या फोनला इंटरनेट मिळावं म्हणून मीच ती त्यांच्या तारांना जोडली होती. संगणकांच्या हाकेला तीच आधी ओ देत होती, आणि लिनक्स कुठे आहे हे तिला काय ठाऊक!

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. तार काढली, पेटी स्वतःच्या रुमालात गुंडाळली आणि माझ्या खणात ठेवली. मग बू एंदांगकडे वळून म्हणाले, "माफ करा, बू. तार ढिली राहिली होती. चूक माझी."

आमच्याकडे वरच्या माणसाला चारचौघांत खाली पाहायला लावत नाहीत. मी त्याच रीतीच्या आडोशाला उभा राहिलो. परीक्षा तासभर उशिरा सुरू झाली.

महिन्याभराने नेमणुकांची बैठक झाली. पाक तुगिनोंच्या नावावर बू एंदांगनी फुली मारली. मला राहवेना. उठलो आणि म्हणालो, "बू, ती चूक माझी होती. पेटी मी लावली होती."

त्या हसल्या. "पाक वाहोनो, तुम्ही हे अंगावर घेणार असं वाटलंच होतं मला. पण त्यांनी स्वतः कबूल केलंय ना." मग बाकीच्यांना म्हणाल्या, हाताखालच्या माणसाला कसं सांभाळावं ते यांच्याकडून शिका.

माझा खण उघडून बघा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात टाळ्या पडल्या आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी खाली बसलो.

संध्याकाळी पाक तुगिनो किल्ल्या द्यायला आले. बैठकीतलं बोलणं त्यांच्या कानावर गेलं होतं. माझा हात दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "माझ्यासाठी बोललात, पाक. विसरणार नाही."

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.