पाहुण्यांच्या खोलीची खिडकी

गेन्नादीने चाकूचं पातं खिडकीच्या फटीत घातलं आणि गेल्या हिवाळ्यातली कागदाची पट्टी सोलून काढली. तिच्याखाली कापूस होता, कापसाखाली त्याआधीच्या हिवाळ्याची पट्टी, आणि तिच्याखाली आणखी एक. साबण लावून चिकटवलेले ते थर ओढता ओढता त्याच्या नखांत पांढरा भुगा भरला.

"आजी, या खिडकीत लाकूड कमी आणि कागद जास्त आहे," तो म्हणाला.

"लाकूड तुझ्या बापाने बसवलं होतं," उल्बोसिन म्हातारी पलंगावरून म्हणाली. "म्हणून तर कागद लावावा लागला."

गेन्नादी मनापासून हसला. त्याचा बाप गावच्या सामुदायिक शेतीचा सुतार होता, आणि त्याने ठोकलेल्या खिडक्यांतून चाळीस वर्षं वारं आत येत होतं. आता मुलगा प्लास्टिकच्या खिडक्या बसवून पोट भरत होता. बापाने फटी ठेवाव्यात आणि मुलाने त्या बुजवाव्यात, हा धंदा वाईट नव्हता.

मापं घेऊन झाल्यावर सगळे जेवणघरात आले. सून झानारने चहा ओतला. गेन्नादीने पिशवीतून चौकटीचे दोन कापलेले तुकडे काढून टेबलावर ठेवले. एक जाड आणि वजनदार होता, त्यात पाच पोकळ्या आणि तीन काचांची जागा. दुसरा हलका, तीन पोकळ्यांचा, दोन काचांचा. म्हातारीच्या मुलाने, कैरगेल्दीने, दोन्ही उचलून पाहिले, बोटाने वाजवले, खरबूज घेताना वाजवतात तसे.

"दिसायला तर सारखेच आहेत. फरक काय?"

"फरक आत्ता दिसणार नाही. थंडी उणे चाळीसवर गेली की दिसेल."

स्वयंपाकघर आणि नवरा-बायकोची खोली चुलीला लागून होती, तिथल्या जुन्या खिडक्या अजून काही वर्षं निघाल्या असत्या. प्रश्न दोनच खोल्यांचा होता: पाहुण्यांची आणि म्हातारीची. घोडी विकून आलेल्या पैशांत एका खोलीला जाड खिडक्या बसत होत्या, मग दुसरीला हलक्या घेण्यावाचून इलाज नव्हता.

"विचार करण्यासारखं काही नाही," गेन्नादी म्हणाला. "म्हातारं माणूस झोपतं तिथे जाड लावा. पाहुण्यांच्या खोलीत झोपतं कोण?"

झानारने कप पुढे सरकवला. "अपांची खोली उत्तरेला आहे," ती हळूच म्हणाली. अपा म्हणजे तिची सासू; घरात सगळे म्हातारीला अपाच म्हणत. सून पुरुषांच्या व्यवहारात एवढंच बोलू शकत होती, आणि एवढं बोलण्याचंही तिने आधी मनात ठरवून ठेवलं होतं.

म्हातारी दारात येऊन उभी राहिली होती. "जाड पाहुण्यांच्या खोलीला," ती म्हणाली.

"अगं पण तुला थंडी वाजेल," कैरगेल्दी म्हणाला.

"माझी हाडं गारठ्यातच वाढली. माझं नको बघू. आमच्या माहेरची सगळी माणसं हिवाळ्यात गेली, मीही हिवाळ्यातच जाणार. लांबलांबून लोक येतील. थोरल्या मारलेनचे सासरे येतील शहरातून. ते कुडकुडत बसले तर नाक कुणाचं कापलं जाईल? माझं नाही, मी तर पडलेली असेन. तुझं."

"काहीतरीच काय बोलतेस, अपा," कैरगेल्दी म्हणाला आणि जाड तुकडा पुन्हा हातात घेतला.

इकडे साधा चहा जरी कुणी नको म्हटला, तरी तीनदा विचारायची रीत आहे. पहिला नकार सभ्यपणाचा, दुसरा संकोचाचा, तिसरा खरा. पहिल्याच आग्रहाला हो म्हणणाऱ्या पाहुण्याबद्दल आणि एकदाच आग्रह करणाऱ्या यजमानाबद्दल गावात वर्षभर बोललं जातं. कैरगेल्दीला ही रीत दुधाबरोबर मिळाली होती. आईला मात्र त्याने एकदाच विचारलं. म्हातारी दाराच्या चौकटीला धरून आणखी थोडा वेळ उभी राहिली, आणि मग कुणी काही बोलत नाही असं पाहून आपल्या खोलीत गेली.

तिच्या पेटीत कापडाचे तुकडे आधीच घडी करून ठेवलेले होते, ती गेल्यावर आलेल्यांना वाटायचे. त्या पेटीवर बसून तिने दुपारभर लोकर विंचरली.

खिडक्या बसल्या. पाहुण्यांच्या खोलीच्या काचा इतक्या स्वच्छ आणि आवाज अडवणाऱ्या निघाल्या, की रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी तो मुका वाटायचा. झानारने तिथे नवे, फिकट रंगाचे पडदे लावले. कैरगेल्दी येणाऱ्याजाणाऱ्याला त्या खोलीत नेऊन खिडकीजवळ हात धरायला लावी.

"काही लागतंय का वारं? नाही ना?"

डिसेंबरात म्हातारीच्या खिडकीला आतून खालच्या कडेला बर्फ धरला. मग खिडकीची मूठ गोठली. एके सकाळी ती झानारकडे साबणाचा तुकडा मागायला आली. दुपारपर्यंत तिने वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापून नव्याकोऱ्या पांढऱ्या चौकटीवर चिकटवल्या होत्या, आणि खाली जुना कोट गुंडाळून ठेवला होता.

कैरगेल्दीला ते पाहून हसावं की रागवावं कळेना. "प्लास्टिकवर कागद! गेन्नादीने पाहिलं तर गावभर सांगेल."

"सांगू दे. नवी सून आहे ती खिडकी," म्हातारी म्हणाली. "घराची रीत शिकवतेय तिला."

तिघेही हसले. म्हातारीचं हसणं खोकल्यात संपलं.

जानेवारीत खोकला छातीत उतरला. बाहेर सलग हिमवादळ होतं, कुंपण गाडलं गेलं होतं, गोठ्यापर्यंत जायला दोरी धरावी लागत होती. एका संध्याकाळी झानारने सासूची गादी उचलली आणि पाहुण्यांच्या खोलीत नेऊन घातली. चुलीचं धुराडं तिथल्या भिंतीतून जात होतं; हात लावला तर ऊब तळव्याला चिकटायची.

"अपा, आजपासून तुम्ही इकडे झोपा."

"तिकडे? नको गं. पाहुणे आले तर?"

"या वादळात कोण मरायला येतंय?"

म्हातारी शाल आवळून पलंगाच्या कडेला बसून राहिली आणि उघड्या दारातून त्या खोलीकडे बघत राहिली. पाय जमिनीवर टेकवलेले होते, उठणारं माणूस टेकवतं तसे.

"नको म्हणतेय ना ती," जेवणघरातून कैरगेल्दी म्हणाला. "कशाला मागे लागतेस तिच्या?"

झानार क्षणभर थांबली. मग तिने गादी परत आणली. खरं सांगायचं तर तिलाही थोडं हायसं वाटलं. पडदे नवे होते, गालिचा तिच्या माहेरचा होता, आणि म्हातारीला उशाशी थुंकायला वाडगं लागत असे. हे सगळं तिच्या मनात आलं आणि तिने ते स्वतःपासून लपवलं नाही. तिने सासूच्या पायांवर आणखी एक रजई घातली आणि दार लोटून घेतलं, जेवणघरात गार वारा येऊ नये म्हणून.

फेब्रुवारीत, थंडी उणे चाळीसवर होती तेव्हा, म्हातारी गेली. पहाटे झानार दूध घेऊन गेली तर म्हातारीचा चेहरा खिडकीकडे वळलेला होता. एक पट्टी सुटून हलत होती.

कुलाश आजी आली. गावातल्या बायकांना शेवटचं न्हाऊ घालायचं काम तिचं. ती कुणालाही धीर देत बसत नसे. आल्या आल्या बाह्या सारून कामाला लागे. मारलेन आणि शहरातले व्याही रस्ता मोकळा झाल्यावर निघणार होते, म्हणजे माती परवा. तोपर्यंत ठेवायचं कुठे, हे पाहायला ती आधी पाहुण्यांच्या खोलीत शिरली. मोठ्या माणसांना मोठ्या खोलीतच ठेवतात.

तिने भिंतीला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"अगंबाई, हे काय, हमाम आहे का? इथे संध्याकाळपर्यंत तरी टिकेल का ती?"

"खिडक्या उघडतो मी," कैरगेल्दी घाईने म्हणाला. त्याचा हात खिडकीच्या मुठीवर गेलासुद्धा.

"उघडून काय करतोस? लोक बसायचेत ना इथे? त्यांना गारठवणार?" असं म्हणत ती वळली आणि म्हातारीच्या खोलीत गेली. खिडकीच्या कडेच्या बर्फावर तिने तळवा ठेवला, वाकून पट्ट्यांकडे पाहिलं, मग पलंगाकडे. तिच्या तोंडातून वाफ निघत होती.

"ही बरी आहे," ती म्हणाली. "हिला हलवूच नका. चूल विझवायची नाही, काही उघडायचं नाही. मयतासाठी याहून चांगली खोली गावात सापडायची नाही."

ती टोमणा मारत नव्हती. कामाचं बोलत होती. कैरगेल्दी दारात उभा होता, आईने शरद ऋतूत जिथे चौकट धरली होती तिथेच. तो खाली बघत राहिला आणि मग सरपण आणायला म्हणून बाहेर गेला, टोपी न घालता.

तिसऱ्या दिवशी घर भरलं. पुरुष पाहुण्यांच्या खोलीत गालिच्यावर बसले. मारलेनचे सासरे सगळ्यांत आतल्या मानाच्या जागी, खिडकीला पाठ लावून. थोड्या वेळाने त्यांनी कोट काढला, मग लोकरीचं जाकीटही.

"काय ऊब आहे!" ते म्हणाले. "आमच्या शहरातल्या घरातसुद्धा असं नाही. बाहेर एवढा गारठा, पण पाठीला वारा म्हणून लागला नाही. तीन काचा दिसताहेत?"

"तीन काचा आणि पाच पोकळ्या," कैरगेल्दी म्हणाला. सवयीने म्हणाला.

"सगळ्या घराला याच?"

किटली घेऊन आलेली झानार दाराशी थबकली.

"हो," कैरगेल्दी म्हणाला.

"आईचं केलंस बाबा तू. धाकट्या मुलाने असंच करावं. म्हातारीचे शेवटचे दिवस उबेत गेले."

खोलीतले सगळे पुरुष गंभीरपणे माना हलवू लागले. मारलेनने धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला. झानार पुढे आली आणि कप भरू लागली. व्याह्यांनी कपावर तळवा ठेवला.

"पुरे झालं, पोरी."

"घ्या ना," कैरगेल्दी म्हणाला.

"नको, खरंच. खूप झालं."

"असं कसं? एवढ्या लांबून आलात. घ्या."

"नको रे बाबा."

"आमच्यासाठी घ्या. अर्धा तरी." त्याचा आवाज भरून आला होता. जमलेल्यांना वाटलं, आईच्या आठवणीने.

व्याह्यांनी हात काढला. झानारने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने कप काठोकाठ भरला, किटली खाली ठेवली आणि खुंटीवरचा आपला जाड कोट अंगावर चढवला. पलीकडच्या खोलीत बायका डोकी बांधून, कोट घालून म्हातारीजवळ बसल्या होत्या. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं, पाहुण्यांना गार वारा लागू नये म्हणून.