मावशींच्या डोक्यावरचा स्टँड

मित्रांनो, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीखाली भिंतीला धरून राहिलेला मी एक जुना लोखंडी स्टँड आहे. निदान परवापर्यंत होतो. एसीचे बाहेरचे यंत्र माझ्या दोन हातांवर बसायचे. लोखंडाने रागवावे की नाही, मला ठाऊक नाही. राग नीट मांडताही येत नाही. पण आला आहे, तो आला आहे.

वेल्डिंगच्या दुकानात मला कापले, जोडले, राखाडी रंग दिला. माझ्यावरचे पहिले यंत्र हलके होते. उन्हापावसात मी ते मुकाट्याने सांभाळले. घरातल्या वहिनी कौतुकाने म्हणायच्या, "इतकी वर्षं झाली, पण तसूभर हलला नाही हो!" त्या एका वाक्यावर मी कितीतरी उन्हाळे काढले.

मग दुप्पट वजनाचे नवे यंत्र आले. मला थोडे बाजूला सरकवून भिंतीत नवी भोके पाडली. त्यातले एक नेमके पोकळ विटेत गेले. बोल्ट पकड घेईना, नुसता गरागरा फिरे. मेकॅनिकने खोक्याचा कागद फाडला, त्याचा बोळा भोकात कोंबला आणि वरून हातोडीने बोल्ट ठोकला. वहिनींचे यजमान, म्हणजे दादा, खिडकीतून सारे पाहत होते.

"बसेल ना रे नीट?"

"बसेल म्हणजे? भिंत पडेल, पण हा नाही निघायचा!"

"आणि हा गंज?"

"रंगाचा एक हात मारतो. नवरदेव दिसेल."

दोघे हसले. मी संतापाने लाल झालो असतो, पण गंजाने आधीच लाल होतो.

तळमजल्यावरच्या मावशी अंगणात बसून कपडे शिवतात. नव्या यंत्राची रुंद सावली पाहून त्यांनी शिलाई मशीन आणि खुर्ची नेमकी माझ्याखाली आणून मांडली! यंत्र सुरू झाले की मी थरथरायचो आणि तो बोल्ट केसभर बाहेर यायचा. मला आवाज एकच काढता येतो. मी जीव तोडून कुरकुरलो.

"अहो, बाहेर काय वाजतंय? डोकं उठलं माझं," वहिनी म्हणाल्या.

दादांनी हात लांबवून माझ्या सांध्यांवर तेल ओतले. झाले, तोंडही बंद केले! ओघळ मावशींच्या कापडावर पडला, तो वेगळाच.

परवा भर दुपारी बोल्ट कागदासकट निसटला आणि मावशींच्या मांडीवरच्या कापडात जाऊन पडला. यंत्र एका अंगाला कलले. उरलेल्या तीन बोल्टांवर मी दातओठ खात लटकलो.

मावशी तडक वर आल्या. "हे तुमचं का?"

"अरे बापरे!" दादा म्हणाले. "लागलं नाही ना? मेकॅनिक रविवारी येईल. तोवर तुम्ही मशीन जरा पलीकडे सरकवा ना, मावशी."

"सरकवते की. आणि खालून जाणारी येणारी माणसं? तीही सरकवू?"

"एवढ्यात काही पडत नाही हो ते."

"नाही ना पडत? मग चला खाली. माझ्या खुर्चीत बसा रविवारपर्यंत. चहा मी आणून देते."

दादा जागचे हलले नाहीत. वहिनींनीच जाऊन एसी बंद केला. "आत्ताच्या आत्ता फोन करा त्याला. आणि तो येईपर्यंत खाली उभे राहा, कुणाला तिथून जाऊ देऊ नका."

दादा उन्हात उभे राहिले. माझ्यापासून चांगले लांब.

संध्याकाळी मला उतरवले. आता गच्चीच्या कोपऱ्यात भंगारवाल्याची वाट पाहतो आहे. त्याचे दुःख नाही. लोखंड म्हटले की ते गंजायचेच. राग आहे तो त्या हसण्याचा. मित्रांनो, कुणाच्या डोक्यावर काही टांगायचे असेल, तर आधी त्याखाली खुर्ची टाकून स्वतः बसून बघा. बसवत नसेल, तर टांगू नका.