उमेदवारांच्या बाजूची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. राजेमहाराजे ज्यांवर बसून न्यायनिवाडे करीत, त्या सिंहासनांच्या कुळातली. माणसांची नशिबं ठरवण्याचं काम आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि मीही ते निष्ठेने केलं. फक्त माझा मागचा एक पाय अर्धं बोट आखूड आहे.

त्याचं असं झालं, की मला घडवणाऱ्या सुताराला खरं तर गवई व्हायचं होतं. पण वडील सुतार, आजोबा सुतार. तुला काय व्हायचंय, हे त्याला कुणी विचारलंच नाही. माझा चौथा पाय कापताना त्याने एक लांबलचक तान घेतली. तान फार सुरेख होती. पाय तेवढा चुकला.

मित्रांनो, एका मोठ्या कंपनीने मला विकत घेतलं आणि मुलाखतीच्या खोलीत उमेदवारांच्या बाजूला ठेवलं. टेबलापलीकडे साहेबांची आणि मॅडमची, अशा दोन गुबगुबीत फिरत्या खुर्च्या होत्या. त्या माझ्याशी बोलत नसत.

खोलीची व्यवस्था शिपाईकाकांकडे होती. ते रोज सकाळी माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत आणि पहिला उमेदवार टेकला की ती निसटे.

"साहेबांना सांगा की एकदा," झाडूवाली म्हणायची.

"एवढ्याशासाठी त्यांना कशाला त्रास? आपण सांभाळून घ्यावं," काका म्हणायचे.

वर्षानुवर्षं माणसं पाठीवर घेतल्यावर मला एक गंमत कळली. काही मुलं टेकताच म्हणत, "ही डुगडुगतेय, दुसरी द्या." ही अशा घरांतली, जिथे नळ गळायला लागला की प्लंबरला फोन जातो. बाकीची "सॉरी" म्हणत. डुगडुगायचे मी आणि सॉरी म्हणायची ती! ही नळाखाली बादली ठेवणाऱ्या घरांतली. मग मी हलू नये म्हणून ती सगळा भार स्वतःच्या पायांवर घेऊन अधांतरी बसत. मांड्या थरथरत, घाम फुटे, आणि निम्मं लक्ष प्रश्नाकडे तर निम्मं माझ्याकडे.

"आमच्याकडे फक्त गुणवत्ता पाहिली जाते," असं साहेब प्रत्येकाला सांगत. ते खोटं बोलत नसत. त्यांना टेबलाखालचं दिसत नसे, इतकंच.

एके दिवशी हिशेब विभागातल्या जागेसाठी शिपाईकाकांची मुलगी मुलाखतीला आली. कॉलेजात पहिली आलेली. काकांनी त्या दिवशी मला दोनदा पुसलं आणि तिला आत सोडताना दारातच कुजबुजले, "खुर्ची जरा हलते, बाळ. सांभाळून घे. आणि उगाच काही मागूबिगू नकोस, माझी मान खाली जाईल."

तिने सांभाळून घेतलं. असं घेतलं, की माझ्यावर कुणी बसलंय असं मला वाटेचना. उत्तरं बिनचूक, पण आवाज कापत होता.

"गणित पक्कं आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या, "पण घाबरता कशाला एवढ्या? आरामात बसा ना."

"बसलेय, मॅडम," ती म्हणाली आणि आणखी आवळून बसली.

तिच्यानंतर एका कारखानदाराचा मुलगा आला. टेकल्या टेकल्या म्हणाला, "काय हो, ही खुर्ची आहे की झोपाळा?"

साहेब खो खो हसले. "काका, दुसरी आणा पाहू."

काका पळत जाऊन चांगली खुर्ची घेऊन आले आणि मला बाहेर, निकालाची वाट बघत उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीशेजारी ठेवलं. दार अर्धवट उघडंच राहिलं. त्या मुलाला निम्मी उत्तरं आली नाहीत. तिथे तो "शिकून घेईन" म्हणाला. तो गेल्यावर त्याच दारातून साहेबांचा आवाज आम्हा दोघींना स्वच्छ ऐकू आला.

"मुलगी हुशार आहे हो, पण आत्मविश्वास नाही. हा बघा, आल्याबरोबर परिस्थिती हातात घेतली!"

काका बाहेर आले. मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही त्याला दुसरी खुर्ची दिलीत?"

"त्याने मागितली ना, बाळ."

"आणि मला?"

काका खांद्यावरच्या फडक्याने माझी पाठ पुसू लागले. ती स्वच्छच होती. मुलगी मग माझ्यावर बसली, त्या दिवशी पहिल्यांदाच सगळा भार टाकून. मी डुगडुगले. तिने डुगडुगू दिलं.

पुढे ती एका कपड्यांच्या दुकानात लागली. दिवसभर उभं राहायचं काम. बसायला खुर्चीच नाही, त्यामुळे आत्मविश्वासाचा प्रश्न आला नाही.

काका निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात म्हणाले, "इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही तक्रार केली नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांनी हात जोडले. तो कारखानदाराचा मुलगा आता साहेबांच्या फिरत्या खुर्चीत बसतो. वाईट नाही हो. हसरा आहे.

मी आता सामानाच्या खोलीत असते. वर्धापनदिनाला मला बाहेर काढतात आणि माझ्यावर चढून भिंतीवर फलक लावतात. त्यावर लिहिलेलं असतं, 'संधी सर्वांना समान'.

मित्रांनो, या ठिकाणी मी तुम्हाला उपदेश करायला हवा. पण अडगळीतल्या खुर्चीने काय सांगावं आणि तुम्ही काय ऐकावं! तेव्हा एकच विनंती. फलक लावायला माझ्यावर चढाल, तेव्हा चपला काढून चढा.