मिरी कट्ट्यावरून हलली नाही

साहेब, माझी कुत्री तुम्ही मारलीत. तुमचं नाव मला ठाऊक नाही. विचारलं तेव्हा सांगितलं नाहीत. मी भीमसेन, मद्रासजवळच्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात फिटर आहे. कुठल्या कुत्रीबद्दल बोलतोय ते तुम्हाला आठवायचं नाही, म्हणून सगळं सांगतो.

मिरी टेरियर जातीची. पांढरी, अंगावर काळे ठिपके, वय वर्षाच्या आत. कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणली तेव्हा तिथल्या विजयलक्ष्मीबाई म्हणाल्या, "तीन घरांनी परत आणून सोडलीय. डोकं आहे, पण ऐकत नाही." मी म्हटलं, द्या. 'बस' म्हटलं की ढुंगण जमिनीपासून चार बोटं वर धरायची, बिस्कीट मिळालं की उठलीच. फाटकाची कडी तिने दोन दिवसांत नाकाने उघडली.

भांडण पेटलं ते कावळ्याच्या भातावरून. तंजावर सोडून मद्रासला आलो त्याला तीन पिढ्या झाल्या, तरी आमच्यात आधी कावळ्याला भात, मग घरच्यांना. आई फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर भात ठेवायची आणि मिरी तो फस्त करायची.

"अय्यो भीमसेना, तुझे वडील कावळा होऊन येतात आणि ही त्यांच्यावर भुंकते!"

"वडील तरी कुत्र्यांशी कुठे गोड बोलायचे, आई?"

"थट्टा पुरे. ही शिकली तर राहील. नाहीतर हिला चौथं घर बघ."

चार महिने घातले. कामावर जायच्या आधी रोज भात ठेवायचा, 'थांब' म्हणायचं, आणि कावळ्याने चोच मारेपर्यंत तिने कट्ट्यावरच बसायचं. मग तिला तिचा वाटा. पन्नास वेळा तिने मला हरवलं. मग एके दिवशी तिचं तिलाच कळलं, की भुंकलं तर कावळा उशिरा येतो. त्या दिवसापासून पंजांवर हनुवटी टेकून पडून राहायची, शेपूटही हलवायची नाही. सायकल घासून गेली तरी जागची उठायची नाही. आई आपल्या हाताने दहीभात कालवून घालायला लागली. "तुझ्यापेक्षा शहाणी आहे रे."

वडलांची तिथी आली. आई म्हणाली, "सोवळ्यात चामडं नको घरात. तिचा पट्टा काढ." कुत्रं पाळीव असल्याचा, पालिकेतल्या तुमच्या खात्याचा पितळी बिल्ला त्याच पट्ट्याला होता. मी पट्टा काढून बाहेर खिळ्याला अडकवला. पिंडदान झाल्यावर भात मीच कट्ट्यावर ठेवला, 'थांब' म्हणालो आणि राहिलेल्या विधीसाठी आत जाऊन बसलो. थोड्या वेळाने गाडी थांबल्याचा आवाज आला, मग कुत्र्यांचा कालवा. भटजी म्हणाले, मध्येच उठू नका. मी उठलो नाही.

समोरच्या अलमेलूमामींनी सगळं पाहिलं. "गल्लीतली बाकीची पळाली रे. हिलाही वेळ होता. हलली नाही. फास गळ्यात पडला तरी भाताकडेच बघत होती. मी ओरडले, घरची आहे, घरची आहे! तर तो माणूस म्हणतो, बिल्ला कुठाय?"

कावळा तेव्हा आलाच नव्हता.

दुपारी पट्टा, बिल्ला घेऊन कोंडवाड्यात तुमच्या टेबलापुढे उभा राहिलो. भिंतीपलीकडे भुंकणं चाललं होतं. मी "मिरी!" म्हणून हाक मारली, तिचं भुंकणं बंद झालं. तुम्हीही ते ऐकलंत, मान वर केलीत. आणि म्हणालात, "बिल्ला गळ्यात असायला हवा, खिशात नाही. उद्या दहाला या."

मी पावणेदहालाच आलो. तुमचा शिपाई म्हणाला, "कालच संध्याकाळी उरकलं."

पट्टा मी काढला. 'थांब' मी म्हणालो. पाटावरून उठलो नाही तोही मीच. ते माझं मी भोगतोय. आई आता मागच्या गच्चीवर भात ठेवते, कट्ट्याकडे जात नाही. पण तुमच्या दारावर तुमच्याच खात्याने रंगवून लिहिलंय, पकडलेलं कुत्रं तीन दिवस ठेवलं जाईल. माझ्या हातात बिल्ला होता. तिने माझा आवाज ओळखला, तुमच्यादेखत ओळखला. मग तिला एक रात्रसुद्धा का ठेवली नाहीत?

लेखी उत्तर द्या.