खोलीबाहेरचा सभ्य माणूस

आमच्या विभागात एक रीत आहे. शिष्यवृत्तीच्या बैठकीत आपल्याच विद्यार्थ्याचं नाव निघालं, की प्राध्यापकानं उठून बाहेर जायचं. तसा नियम कुठेही नाही. सभ्य माणसं जातात, झालं. आणि माझे मार्गदर्शक ऑब्री हॅलिवेल सभ्यपणात कुणाला हार जाणारे नव्हेत.

माझं शेवटचं वर्ष त्या बैठकीवर अडलं होतं. पंधराव्या शतकात यॉर्कशरच्या खेड्यांत बायका घरी बिअर करून विकायच्या आणि गावच्या कोर्टात त्यांना दंड व्हायचा, हा माझा विषय. त्यापायी लॅटिनमध्ये डोळे फोडून घेतले होते. शिष्यवृत्ती मिळाली तर प्रबंध पुरा, नाही तर सगळं पाण्यात आणि मी लीड्सच्या गोदामात पार्सलं चिकटवायला. आईनं तर गल्लीभर सांगून ठेवलेलं, आमची मेरियल डॉक्टर होणार म्हणून. शेजारपाजारचे मला दुखरे गुडघे दाखवायचे.

बैठकीनंतर ऑब्रींनी मला चहाला बोलावलं आणि स्कोनला लोणी लावत सगळं सांगितलं. माझं नाव निघालं तसे ते बाहेर जाऊन भिंतीवरच्या गरम रेडिएटरपाशी उभे राहिले. आत मध्ययुगातलं कळणारं दुसरं कुणी नव्हतंच. अध्यक्षबाईंनीच नंतर त्यांना सांगितलं, की या बिअरवाल्या बायकांचा आज उपयोग काय, असं विचारल्यावर कुणालाच उत्तर देता येईना. कुणीतरी पबवरून विनोद केला आणि पुढचं नाव घेतलं. ते गॅरेथ पिंकच्या विद्यार्थ्याचं. तोवर ऑब्री आत परतले होते. गॅरेथ उठला नाही. खुर्ची जराशी भिंतीकडे वळवली आणि तिथूनच त्या पोराची बाजू मांडत राहिला. शिष्यवृत्ती त्या पोराला गेली.

"कुणी काही म्हटलं नाही त्याला?"

"आपण असं कुणाला म्हणत नाही, मेरियल."

वर मला सांगतात, वाईट वाटतंच, पण निदान सगळं रीतसर झालं. रीतसर! माझं डोकंच फिरलं. या माणसानं माझा एकेक स्वल्पविराम तपासला, मी तापानं पडले तेव्हा सूप घेऊन आला, आणि माझ्यासाठी एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा बाहेर हात शेकत उभा. दुष्ट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मी विचारलं, "तुम्ही आत बसून राहिला असतात तर?"

त्यांनी खरंच विचार केला. "बरं दिसलं नसतं ते," म्हणाले.

गोदामवाल्यांना माझी खात्री देणारं कुणीतरी हवं होतं. मी ऑब्रींचंच नाव दिलं, दुसरं होतं कोण? तिथल्या मॅनेजरबाईनं त्यांना फोन केला होता. पहिल्या दिवशी माझ्या हातात चिकटपट्टीचं यंत्र देताना ती हसली.

"तुझे सर किती बोलत होते गं तुझ्याबद्दल," ती म्हणाली. "थांबेचनात. शेवटी मलाच फोन ठेवावा लागला."